गुराब, उलांडी आणि काठचा दर्या

आपल्या गाबीत ज्ञातीचा इतिहास सांगावयाचा म्हटला की लेखणी प्रथम आरमाराकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. श्री छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. पुढे आंग्र्यांच्या काळात विजयदुर्ग हे मराठी आरमाराचे बलाढ्य ठाणे बनले. त्या सर्व पराक्रमात किनाऱ्यावरील दर्यावर्दी जातींचा, आणि त्यांत आपल्या पूर्वजांचा, मोलाचा वाटा होता. ‘गाबीत’ हे आपले नावच ‘गुराब’ या लढाऊ जहाजाच्या नावावरून पडले असावे, असे मत काहींनी मांडलेले आहे. ही व्युत्पत्ती ग्राह्य मानावी की न मानावी, हा वाद पंडितांकडे सोपवून आम्ही प्रस्तुत लेखात एका वेगळ्या नौकेकडे ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

गुराबीने आपल्याला नाव दिले असेल. परंतु अन्न दिले ते उलांडीने. लढाई वर्षातून केव्हातरी होई, घरात चूल मात्र रोज पेटवावी लागे. गुराबी काळाच्या उदरात गडप झाल्या, आंग्र्यांची सत्ता गेली, पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले. या सर्व स्थित्यंतरांत किनाऱ्यालगत एकट्यादुकट्याने वल्हे मारीत जाणारी ती लहानशी होडी आपल्या कुटुंबांचे पोषण करीत राहिली. तिच्यावर पोवाडे रचले गेले नाहीत. तथापि काठच्या दर्यावरील आपला हक्क जर कोणी टिकवून धरला असेल तर तो तिनेच, असे आमचे नम्र मत आहे.

उलांडीची रचना

वाचकांपैकी पुष्कळ मंडळी आता मुंबई, पुणे आदी शहरांत स्थायिक झालेली असल्यामुळे या नौकेचे थोडे वर्णन करणे अगत्याचे वाटते. मोठ्या झाडाचे खोड आतून कोरून अरुंद, लांबट होडी तयार करीत. काठ उंच करावयाचा असल्यास त्यावर फळ्या बसवून त्या काथ्याने शिवीत आणि लाकूड टिकावे म्हणून तेल देत. अशी होडी वल्ह्यास हलकी आणि चालीस वेगवान, पण अरुंद असल्यामुळे चटकन कलंडणारी असते. हा दोष काढण्यासाठी तिच्या एका अंगास दोन आडव्या दांड्या पुढे काढून त्यांच्या टोकांशी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका होडीला समांतर बांधीत. हीच उलांडी, आणि तिच्यावरून सबंध होडीलाही तेच नाव मिळाले. होडी एका बाजूस कलू लागली की ओंडक्याचे वजन तिला मागे ओढते, आणि दुसऱ्या बाजूस कलू लागली की त्याच ओंडक्याचे तरंगणे तिला वर उचलते. फुटणाऱ्या लाटांतून बाहेर पडावयास आणि बंदराशिवाय नुसत्या वाळूवर येऊन लागावयास याहून सोयीची नौका कोकणच्या गरीब माणसाला सापडली नसती.

मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे एक प्रमुख अधिकारी जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली हिंदुस्थानातील नौकांच्या घडणीवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. होडीला बाहेरून ओंडका बांधण्याची ही युक्ती पूर्वेकडील मलाया-पॉलिनेशियाच्या दर्यावर्द्यांच्या संपर्कातून आपल्या किनाऱ्यावर आली असावी, असा त्यांचा तर्क होता. तो खरा मानल्यास मालवणच्या वाळूवर उपडी घातलेल्या उलांडीचे नाते हजारो मैलांवरील बेटांशी जडते. अक्षरशत्रू म्हणून हिणविल्या गेलेल्या आपल्या पूर्वजांनी ही विद्या कागदाचा आधार न घेता पिढ्यान् पिढ्या जतन केली, ही सामान्य गोष्ट नव्हे.

अशा होडीस बहुधा आंब्याचे खोड लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याविषयी जी आज्ञा आहे, ती या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी ती वाढावयास दीर्घकाळ लागतो आणि रयतेने ती मायेने जोपासलेली असतात. म्हणून जबरीने तोडू नयेत, एखादे झाड जुने होऊन निरुपयोगी झाले असेल तरच धन्याला राजी करून आणि मोबदला देऊन घ्यावे, असा तिचा आशय आहे. राज्याच्या आरमाराला जे झाड सहजी मिळत नसे, ते एका कुटुंबाच्या होडीसाठी मिळविणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना यावरून करता येईल. म्हणूनच बापाची होडी मुलाकडे येई, आणि तिची डागडुजी करीत मुलगा ती नातवाच्या हाती देई.

उत्तरेची डोल, दक्षिणेची रापण

उलांडी दक्षिण कोकण, गोवा आणि कारवार या पट्ट्यात विशेष रुजली, याचे कारण निसर्गात आहे. मुंबई-ठाण्याकडे समुद्राचा तळ उथळ व चिखलाचा, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर चार-साडेचार मीटरांपर्यंत जाते. पाण्याच्या या जबर ओढीचा उपयोग करून तिकडील आपले कोळी बांधव खुंटांना डोल बांधतात. पाणी स्वतःच बोंबील आणि जवळा जाळ्यात आणून घालते. मालवण-वेंगुर्ल्याकडे हे अंतर दोन-अडीच मीटरांचेच, किनारा खडकाळ आणि मध्ये मध्ये वाळूच्या लांब पुळणी. तेथे पाण्याच्या ओढीवर विसंबून भागत नाही; माशाकडे माणसालाच जावे लागते. म्हणून पुळणीवर रापण, आणि खडपांच्या आसपास गळ व कांडाळ, अशी विभागणी झाली. रापणीत होडीने जाळे अर्धवर्तुळाकार सोडावयाचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून ओढावयाचे. जो दोरास हात लावील त्याला वाटा. रापण हे साऱ्या वाडीचे काम, तर उलांडी हे एका घराचे.

चैत्र-वैशाखातील दिनक्रम

आश्विन-कार्तिकात बांगड्याची आणि तारलीची रेलचेल असे. त्या वेळी मासा थव्यांनी काठाशी येई. चैत्र-वैशाखात ते थवे विरळ होत. अशा दिवसांत जो नुसत्या जाळ्यावर अवलंबून राही त्याची उपासमार ठरलेली. उन्हाळा हा गळाचा ऋतू, आणि म्हणून ज्ञानाचाही. पाण्याखालील खडपांत राहणारे तांबोशी आणि गोबरा, वाळूच्या तळावरील मुडदुशे, खाडीच्या मुखाशी येणारा चोणक, यांची वस्ती ठाऊक असेल त्याच्याच गरीला मासा लागे.

हे ज्ञान कोणत्या प्रकारचे होते? पहिले वाऱ्याचे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्याच्या आधाराने अंधारात बाहेर पडावयाचे. सूर्य वर आला आणि जमीन तापली की हा वारा पडतो, व दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो; तो जोर धरण्यापूर्वी, त्याच्याच पाठबळाने, घरी परतावयाचे. जाताना जमिनीचा वारा आणि येताना समुद्राचा वारा, असा हा व्यवहार निसर्गानेच लावून दिलेला आहे. ज्याने दुपारचा लोभ धरला त्याला वायव्येच्या वाऱ्याशी आणि उसळलेल्या पाण्याशी झुंजावे लागे.

दुसरे ज्ञान भरती-ओहोटीचे. आपल्या किनाऱ्यावरील वृद्ध मंडळी घड्याळ न पाहता भरतीची वेळ सांगतात, ती तिथीवरून. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा सुमार निघतो. पंचमीस पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचार. अष्टमीस आठाची पाऊणपट, म्हणजे सहा. पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. रोज भरती सुमारे पाऊण तास पुढे सरकते, या गोष्टीचेच हे सोपे गणित आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी. भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असल्यामुळे खोल खडपावर दोरी सरळ उतरते, हे उलांडीवरच्या पोरालाही ठाऊक असे.

तिसरे ज्ञान जागेचे. समुद्रावर मैलाचे दगड नसतात. तेव्हा किनाऱ्यावरील देवळाचा कळस आणि त्यामागील डोंगरावरचा एखादा वृक्ष एका रेषेत आणावयाचा. दुसऱ्या दिशेस किल्ल्याचा बुरूज आणि एखादे टोक एका रेषेत आणावयाचे. या दोन रेषा जेथे छेदतील तेथे खडप. खोली मोजण्यास शिसे बांधलेली दोरी आणि माप वावेचे. दोन्ही हात पसरले म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. या खुणा बापाने मुलाला होडीतच दाखवावयाच्या, आणि मुलाने त्या घराबाहेर बोलावयाच्या नाहीत, अशी रीत होती. ती त्या काळी योग्य होती. तिचा आजचा परिणाम काय झाला, हे पुढे येईल.

आगोट, मीठ आणि आपल्या भगिनी

उन्हाळ्यातील मासेमारीचा दुसरा अर्धा भाग जमिनीवर पार पडे, आणि तो सर्वस्वी आपल्या भगिनींच्या हाती होता. मृगाचा पाऊस लागला की होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारावयाच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहावयाची. त्या दोन-अडीच महिन्यांची आगोट वैशाखाच्या उन्हातच करावी लागे. पहाटे आलेल्या माशांपैकी चांगला मासा पाटीत घालून बाजारात न्यावयाचा, उरलेला चिरून, मीठ लावून वाळवावयाचा, हे काम स्त्रिया करीत. पुरुषाने मासा आणला तरी त्याचे अन्न आणि पैसा स्त्रीच करीत असे, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात फारशी नोंदली गेलेली नाही.

या कामी मीठ हवे, आणि मिठावर इंग्रज सरकारचा कर. कर भरून घेतलेले मीठ स्वस्त माशाला लावणे परवडत नसे. यावर तोड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मासे खारविण्याची आवारे उघडली. तेथे सवलतीच्या दराने मीठ मिळे, परंतु मासा त्या आवारातच खारविण्याचे बंधन असे. स्वतःच्या अंगणापुढे समुद्र पसरलेला असताना मिठासाठी सरकारी कुंपणात जाण्याची पाळी आपल्या आजी-पणजींवर आली होती. १९३० साली शिरोड्यास जो मिठाचा सत्याग्रह झाला, त्याचा अर्थ किनाऱ्यावरील घरांना कोणी वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. हा कर अखेर १९४७ साली रद्द झाला.

यंत्राचे आगमन

यंत्रनौकेचा पहिला प्रयोग सरकारनेच केला. ‘विल्यम कॅरिक’ नावाच्या वाफेच्या नौकेने १९२१-२२ साली मुंबईच्या समुद्रात तळ खरवडणारे जाळे ओढून पाहिले. परंतु व्यापाराच्या दृष्टीने तो प्रयत्न फलदायी ठरला नाही. दरम्यान मच्छीमारांनी स्वतः संघटित होण्यास आरंभ केला होता. रत्नागिरीजवळील कर्ला येथे १९१३ साली निघालेली मच्छीमार सहकारी संस्था ही देशातील पहिली म्हणून ओळखली जाते. स्वातंत्र्यानंतर यंत्र, नायलॉनचे जाळे आणि बर्फ या तीन गोष्टी सहकारी संस्थांच्या द्वारे आपल्या बंदरांत पोहोचल्या. सणाची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुचकळून टिकविण्याचा खटाटोप संपला. मोठ्या होडीला यंत्र बसले, दूरचा मासा हाती येऊ लागला. यंत्राने आपल्या समाजाचे कल्याणही केले आहे. अनेक घरांतील मुले शिकली ती त्याच पैशावर. यंत्रालाच दोष देणे हा आमचा हेतू नाही.

अनर्थ झाला तो कोळंबीमुळे. परदेशांत गोठविलेल्या कोळंबीला मागणी वाढली आणि तिच्या निर्यातीला १९६० नंतर मोठे स्वरूप आले. केरळात १९५२ च्या कराराने सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाच्या भागातही हेच घडले. कोळंबी बव्हंशी उथळ पाण्याच्या तळाशी मिळते. म्हणजे दूरच्या समुद्रासाठी म्हणून आलेल्या ट्रॉलर नौका प्रत्यक्षात काठाशीच, उलांडीच्या आणि रापणीच्या क्षेत्रात, जाळे ओढू लागल्या. तळ खरवडला गेला, बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लेही जाऊ लागली, आणि रात्री लावलेली कांडाळ सकाळी फाटलेली सापडू लागली. पुढे माशांच्या सबंध थव्यालाच वेढा घालणारे पर्ससीन जाळे आले. वल्हे मारणाऱ्याने मासा कोठे शोधावा?

गोव्यातील रापणकार बांधवांनी या प्रश्नावर १९७० नंतरच्या दशकात मोठे आंदोलन उभारले. श्री. माथानी सालढाणा हे त्याचे एक अग्रणी होते. पुढे १९७८ साली देशभरातील लहान मच्छीमारांची जी संघटना उभी राहिली, तिचे नेतृत्वही प्रारंभी त्यांच्याकडे होते. या जागृतीचा परिणाम म्हणून गोव्यात १९८० चा आणि महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला.

कायद्यातील वाव

महाराष्ट्राच्या या कायद्याखाली किनाऱ्यापासून काही भागांत पाच वाव आणि काही भागांत दहा वाव खोलीपर्यंतच्या पाण्यात ट्रॉलने मासेमारी करण्यास मनाई करण्यात आली. येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. आपल्या पूर्वजांनी दोन हात पसरून जे माप घेतले, त्याच मापाने शासनाने काठच्या दर्याची सीमा आखली. तो पट्टा लहान नौकांसाठी राखलेला आहे, कारण लहान नौका तेथे होत्या, आणि त्या तेथे आहेत असे त्यांच्या चालकांनी ठासून सांगितले.

पुढील पावलेही याच दिशेची आहेत. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या जलधी क्षेत्रातील पर्ससीन मासेमारीवर निर्बंध येऊन तिच्यासाठी सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठरले. २०१७ साली केंद्र सरकारने प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीस बंदी केली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी बंदी २०१५ पासून १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरविण्यात आली, आणि तीतून बिगर-यांत्रिक पारंपरिक नौका वगळण्यात आल्या. वल्ह्याची होडी समुद्राचा नाश करू शकत नाही, हे सत्य कायद्यानेच मान्य केले आहे.

परंतु कागदावरील सीमा आणि समुद्रावरील सीमा यांत अंतर पडते, हे मालवणपासून देवगडपर्यंतच्या प्रत्येक घराला माहीत आहे. राखीव पट्ट्यात घुसखोरी झाल्यास ती प्रथम कोणाच्या दृष्टीस पडते? ज्याची होडी पहाटे तेथे असते त्याच्या. तो नाहीसा झाला की तक्रार करणारा उरत नाही, आणि साक्ष देणाराही उरत नाही. ज्या पट्ट्यात कोणी लहान मच्छीमार राहिलाच नाही, तो राखून ठेवावा तरी कोणासाठी, असा प्रश्न उद्या धनिक व्यावसायिक विचारल्यावाचून राहणार नाहीत. म्हणूनच आम्ही म्हणतो की काठच्या दर्यावरील आपला हक्क उलांडीत बसलेला आहे.

परक्यांची होडी आणि आपली

अलीकडे गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर ‘कयाक’ नावाच्या प्लास्टिकच्या लहान होड्या दिसू लागल्या आहेत. पर्यटक त्यांत बसतात, आणि काही हौशी मंडळी उन्हाळ्यातील शांत सकाळी त्यांतून गळही टाकतात. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाजवळील इन्यूट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते एका माणसापुरती नौका करीत आणि बर्फाळ पाण्यात शिकारीस जात. आज ती जगभर पोहोचली आहे. ऑलिंपिकमध्ये १९३६ पासून तिच्या शर्यती होतात. एका दुर्गम प्रदेशातील शिकाऱ्याची होडी जगाने कौतुकाने उचलली, याचा आम्हांस आनंदच वाटतो. मात्र आपल्या मुलांनी कयाकचे वल्हे हौसेने हाती घ्यावे आणि आजोबांच्या उलांडीत बसावयास लाजावे, हे आम्हांस खटकते. दोन्ही नौकांमागील बुद्धी एकाच तोलाची आहे. उलांडीचे सामान आता लाकडाऐवजी फायबरचे असले, तिला लहानसे यंत्र लागले, तरी त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो वारा, भरती आणि खडप यांचे ज्ञान गमावून बसण्यात.

हे ज्ञान झपाट्याने लोप पावत आहे. पूर्वी खुणा घराबाहेर सांगू नयेत अशी रीत होती, कारण घरात ऐकणारा मुलगा होता. आज मुलगा नोकरीनिमित्त शहरात आहे. त्यामुळे जी खूण घराबाहेर गेली नाही ती घरातही उरली नाही. यास्तव ज्ञातीतील सुशिक्षित तरुणांना आमची आग्रहाची विनंती आहे की, मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या वाडीतील वृद्धांजवळ वही घेऊन बसावे. पाण्याखालील खडपांची नावे, त्यांच्या खुणा, किती वाव पाणी, कोणत्या महिन्यात कोणता मासा, ही सर्व माहिती लिहून काढावी. आजी-मावशींकडून मासे खारविण्याच्या पद्धती उतरवून घ्याव्यात. आणि शक्य झाल्यास एखाद्या पहाटे मतलई वाऱ्यावर त्यांच्यासोबत होडीत बसून त्या खुणा डोळ्यांनी पाहून याव्यात.

अशी नोंद झाली तर ती केवळ स्मरणिकेची पाने भरण्यास उपयोगी पडेल असे नव्हे. काठच्या कोणत्या पाण्यात आपले लोक पिढ्यान् पिढ्या मासे धरीत आले, असा प्रश्न उद्या एखाद्या कचेरीत किंवा न्यायासनापुढे निघाला, तर त्या वहीतील अक्षरे आपल्या बाजूने बोलतील. गुराबीचा इतिहास इतरांनी लिहिला. उलांडीचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे, आणि तो सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच लिहिला पाहिजे.